ऐकणारी पेटी

पेटीतून नेहमी श्वास यायचा, त्या जागी आज ओवी आली. दुपारचे अडीच वाजले होते. व्यंकोजीराव मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत, पेरूच्या सावलीत, बंद पडलेली इस्त्री खोलून बसले होते. बेंगळूरच्या जयनगरातली ही वेळ अशी की गल्लीतला भाजीवालासुद्धा गाडी झाडाखाली लावून, तराजू उशाला घेऊन झोपतो. नळाचं पाणी गेलेलं असतं. कुठल्यातरी उशिरा उठलेल्या घरातून कुकरची एक चुकार शिट्टी येते, तेवढीच. उजव्या हाताशी बाकावर पेटी मंद गुणगुणत होती. तिच्यातून आधी त्यांच्या बायकोचा, मालनबाईचा आवाज आला, नातीशी बोलताना, “दिवा बघतेस होय गं वीणे? बघ. लाल लाल आहे बघ.” मग पाळण्याची दोरी करकरली. मग तिने गळा साफ केला, आणि हलक्या, वापर नसल्यामुळे थोड्या गंजलेल्या आवाजात म्हटलं:

पाळण्याची दोरी, नको करू करकर,
निजेचं पाखरू, बसलंय वर,
हेमीच्या पापणीवर.

आणि ती थांबली. दोरीही थांबली. थोड्या वेळाने पुन्हा तीच शेवटची ओळ आली, “वीणाच्या पापणीवर”, पण ती घाईने, उलटं घातलेलं झबलं सरळ करावं तशी. व्यंकोजीरावांच्या हातातला स्क्रू सुटून टेबलावर पडला आणि गोल फिरत फिरत, टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन, पडायचा राहिला. तेहतीस वर्षांत हेमी हे नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांच्या मुलाला, अभिराजला, आपल्या आधी एक बहीण होऊन गेली एवढं माहीत होतं, तेही कुणा मावशीकडून; नाव त्याने विचारलं नव्हतं. आणि आता ते नाव वरच्या मजल्यावरच्या खोलीतून निघून, कपडे वाळत घालायच्या तारेला वेढे घेत गेलेल्या वायरमधून, ओल्या लंगोटांच्या वरून चालत, इथे त्यांच्या बाकावर येऊन उतरलं होतं. एखादं माणूस बऱ्याच वर्षांनी दारात उभं राहावं, आणि आपण त्याला आत ये म्हणायच्या ऐवजी त्याच्या चपलांकडेच बघत राहावं, तसे ते पेटीकडे बघत राहिले.

पेटी त्यांनीच बनवली होती. दीड महिन्यापूर्वी, चंदनाची रजा संपत आली तेव्हाची गोष्ट. चंदना, त्यांची सून, बेळगावकडची. इंदिरानगरातल्या ऑफिसात कामाला. बोलायला मोकळी, पण रजा संपत आली तशी गप्प गप्प होत गेली. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, “आई खाली स्वयंपाकघरात असणार. मिक्सर चालू असला, नाहीतर मागं दगडावर कपडे धूत असल्या, तर वर वीणा रडली तरी कळणार कसं? मी नोकरी सोडते झालं.” अभिराज म्हणाला, “अमेरिकेत त्याला यंत्र मिळतं. बेबी मॉनिटर. आमच्या ऑफिसातला एकजण येणार आहे दिवाळीला, त्याला सांगतो.” चंदना म्हणाली, “दिवाळीपर्यंत काय वीणाला रडू नको म्हणून सांगू?” त्यावर सगळे हसले, पण ती हसली नाही. तिने भाताचा घास हातात तसाच धरून ठेवला होता. तो हातात धरलेला घास बघून व्यंकोजीराव पटकन म्हणाले, “यंत्र मी करतो. सोमवारपर्यंत.” अभिराज म्हणाला, “अण्णा, एस. पी. रोडच्या दुकानांतून काय काय आणायचं ते लिहून द्या, मी येताना आणतो.” ते म्हणाले, “काही आणू नकोस. सगळं घरात आहे.”

घरात खरंच सगळं होतं. तीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात काढलेला माणूस. त्याच्या घरात वायरचा तुकडा टाकला जात नाही. अभिराजच्या कॉलेजातला टेपरेकॉर्डर होता, त्याचं चाक गेलेलं, पण तळहाताएवढा स्पीकर शाबूत होता. स्पीकर उलटा जोडला की तोंडाचं काम सोडून कानाचं काम करतो, हे कारखान्यात शिकलेलं. मोडीत निघालेल्या ऑफिसच्या इंटरकॉमचा एक खटका होता, पितळेचा, त्याच्या एका अंगाला ‘ऐका’ आणि दुसऱ्या अंगाला ‘बोला’ असं त्यांनीच कधीतरी पांढऱ्या रंगाने लिहिलेलं. वायर होती. राहिलं होतं ते एकच. वरून आलेला बारीक आवाज मोठा करायला काहीतरी हवं होतं, दमदार, दुपारभर चालू ठेवलं तरी न थकणारं. आणि तेही घरातच होतं. कपाटाच्या वरच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं. काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ. त्यांनी स्वतः सहा महिने खपून बांधलेला, आणि एकच दुपार वाजलेला.

ते स्टुलावर चढून गाठोडं खाली घेत होते तेव्हा मालनबाई दारात उभी होती, हातात पोहे पाखडायचं सूप.   गाठ सोडायला त्यांना वेळ लागला, कारण गाठ त्यांनीच मारली होती आणि पुन्हा कधी सोडायची नाही अशी मारली होती. शेवटी तिनेच पुढे होऊन, सूप खाली ठेवून, नखाने ती सोडवली. मग धडपा झटकून हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि म्हणाली, “कापड मऊ झालंय.” दुसऱ्या दिवशी तो धडपा धुऊन, चार तुकडे करून, वीणाच्या पाळण्यात अंथरलेला होता. एवढंच. तेहतीस वर्षांनी रेडिओ उघडला गेला आणि त्यावर घरात एवढंच बोलणं झालं.

पेटी सोमवारच्या आत झाली. चंदनाला ती आवडली, पण दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याकडून निरोप पाठवती झाली, स्वतः येऊन बोलायला तिला संकोच. अभिराज म्हणाला, “अण्णा, चंदना म्हणतेय, कुणी ऐकतंय की नाही ते वर कळायला पाहिजे. ती वीणाला घेते तेव्हा काहीबाही बोलत असते.” व्यंकोजीरावांना आपण हे आधी कसं ओळखलं नाही याचीच लाज वाटली. त्यांनी रेडिओच्या काट्यामागचा बारीक दिवा काढला, त्याला लाल कागद लावला आणि पाळण्याजवळच्या भिंतीवर बसवला. खाली पेटी सुरू केली की वर दिवा लागायचा. बंद केली की विझायचा. चंदना स्वतः खाली येऊन म्हणाली, “मामा, आता कसं, खोलीत कुणी आलंय तर दार वाजवून आल्यासारखं वाटतं.” ते म्हणाले, “सरी.” या घरात बरं म्हणायच्या जागी सरीच म्हणत. तीनशे-साडेतीनशे वर्षं या मुलखात राहिलेलं घराणं; मराठी घरातली, आणि तिच्यात बाहेरची कानडी दूध-पाण्यासारखी मिसळलेली. सासऱ्याला मामा म्हणायचं, आजोबाला ताता, आजीला अज्जी.

सगळ्यांना रडणं ऐकू आलं की पुरे होतं. व्यंकोजीरावांना पुरत नव्हतं. रडणारं मूल सुखरूप असतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या दुपारी वीणा दोन तास झोपली आणि पेटीतून काही म्हणजे काही आलं नाही. ते दोन तास त्यांनी बाकाची कड धरून काढले, आणि सहा वेळा जिना चढून वर गेले. सहाव्या वेळी मालनबाई जिन्यात बसून तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “वीणे, तुझ्या ताताला सांग, गुडघे नवीन मिळत नाहीत जयनगरात.” वीणा वर झोपलेली, आणि ही खाली तिला सांगतेय. पण तशी त्यांची रीतच होती. लग्न झालं तेव्हा सासूसासऱ्यांच्या देखत नवऱ्याशी थेट बोलायचं नाही, म्हणून मालनबाई मुलाला पुढे करून बोलायला शिकली. अभिराज मांडीवर असताना, “सांग रे तुझ्या अण्णांना, साखर संपली.” सासूसासरे गेले, तरी रीत राहिली. आणि तेही तसेच, “अभी, तुझ्या आईला म्हणावं, मी बाहेर चाललो.” अभिराज होस्टेलला गेला तेव्हा घर एकदम मुकं झालं. घरात बोलायला माणूस नव्हतं असं नाही. बोलणं पोचवायला माणूस नव्हतं. आता वीणा आली होती आणि चार महिन्यांच्या त्या पोरीवर दिवसभर निरोपांचा मारा चालू होता: ताताला सांग कॉफी निवली, अज्जीला म्हणावं चष्मा कुठे ठेवला. ती बिचारी मूठ तोंडात घालून दोघांचं ऐकून घेत असे.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या सकाळी त्यांनी पेटी पुन्हा उघडली आणि आवाज वाढवत नेला. वाढवला की आधी घरघर वाढते, मग वायरीवर बसलेल्या कावळ्याची नखं ऐकू येतात, पंख्याचं पातं ऐकू येतं. दोन दिवस ते एक एक आवाज गाळत बसले, जसं कुणी डाळीतून खडे काढावेत. तिसऱ्या दुपारी घरघरीच्या तळाशी काहीतरी हललं. आत, बाहेर. आत, बाहेर. मधेच एक बारीकसा उसासा, आणि पुन्हा आत, बाहेर. वीणाचा श्वास. त्यांनी इस्त्री, घड्याळ, हातातलं सगळं बाजूला सारलं आणि त्या श्वासाशी आपला श्वास मिळवून बघितला. तो फार लहान होता, यांच्या एकात तिचे दोन बसत होते. तेव्हापासून त्यांच्या दुपारी अशाच गेल्या. काम करताना कान तिकडे. भूल पडल्यासारखे. करंट गेला, आणि बेंगळूरात तो जायचाच, की पेटी मुकी व्हायची. मग ते हातातलं टाकून जिना चढायचे आणि करंट येईपर्यंत वरच्या दारात उभे राहायचे. मालनबाई म्हणायची, “आला बघ तुझा वॉचमन.”

हे सगळं कशासाठी, ते घरात अजून एकाच माणसाला माहीत होतं आणि ते माणूस त्यावर बोलत नव्हतं. पेटीच्या लाकडावर हात ठेवला की ती कोमट लागायची, व्हॉल्व्ह तापल्यामुळे. जुन्या व्हॉल्व्हला तापल्यावर एक वास येतो, धुळीचा, मेणाचा, थोडासा जळक्या केसाचा. तो वास आला की ते जयनगरात नसायचे. ते कॉटनपेटेतल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात असायचे, साल त्रेसष्ट, मार्च महिना, रविवार, आणि हाच वास बाहेरच्या खोलीत पसरलेला. सहा महिन्यांची मेहनत त्या दुपारी पहिल्यांदा बोलली होती. आधी खरखर, मग एकदम, काच पुसल्यासारखा स्वच्छ, नाटकातल्या पदाचा आवाज. शेजारचा भीमसेन आला, त्याची बायको आली, वरच्या माडीवरचे दोघं-तिघं आले. सत्तावीस वर्षांचे व्यंकोजीराव, बोटांना भाजल्याचे डाग, छाती फुगलेली. भीमसेन म्हणाला, “इन्नू स्वल्प, अजून जरा जोर करा, रस्त्यावर ऐकू जाऊ दे कुणी बांधलाय ते.” आणि त्यांनी बटण फिरवलं. शेवटपर्यंत फिरवलं. दीड तास रेडिओ वाजत राहिला. सगळ्यांना कॉफी झाली. आतल्या खोलीत पाच महिन्यांची हेमलता झोपलेली होती. पदं संपली, शेजारी उठले, मालनबाई आत गेली, आणि आतून आवाज आला नाही. ओरडण्याचासुद्धा नाही. ती दारात येऊन नुसती उभी राहिली. डॉक्टर आले, म्हणाले, होतं असं कधी कधी, कारण सांगता येत नाही. कारण सकवारबाईने सांगितलं. व्यंकोजीरावांच्या आईने, ओट्यावर, जमलेल्या बायकांच्या देखत, कपाळावर हात मारून: “त्या डबड्याच्या गोंगाटात पोर रडून रडून गेली गं माझी.”  मालनबाई तिथेच बसली होती, पदर तोंडाला लावून. तिने काही म्हटलं नाही. व्यंकोजीरावांनी त्याच संध्याकाळी लुगड्याचा धडपा घेतला आणि ती गाठ मारली.

त्यानंतर अभिराज झाला, कारखाना, बढती, जयनगरचं घर, वरचा मजला. माणूस काय, कशाच्याही वर घर बांधतो. पण त्यांच्या कानाला एक सवय लागली. गर्दीत, बसमध्ये, कारखान्याच्या भोंग्यातसुद्धा त्यांना त्या गोंगाटाच्या खालचं रडणं ऐकू यायचं. कधी न ऐकलेलं ते रडणं त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचे चढउतार त्यांना पाठ होते; आधी कुरकुर, मग हाक, मग राग, मग दमणं. घरात त्यांनी पुन्हा कधी गाणं लावलं नाही. टीव्ही आला तो अभिराजच्या हट्टाने, आणि त्याचा आवाज इतका बारीक असायचा की पाहुणे म्हणायचे, व्यंकोजीराव टीव्ही बघत नाहीत, वाचतात. मालनबाई हसायची पाहुण्यांबरोबर. आणि ओव्या, ज्या तिच्या तोंडात पिठाच्या गिरणीसारख्या सतत चालू असत, त्या त्या मार्चपासून बंद झाल्या. अभिराजला तिने अंगाई म्हटली नाही, थापटून झोपवलं. त्यांना वाटायचं, ही आपल्याला शिक्षा आहे. मी आवाज वाढवला. तिने आवाज काढून घेतला.

आणि आज ओवी आली होती. ती थांबली होती. पेटीत नुसता श्वास होता. लहान श्वास आणि त्याच्याजवळ एक मोठा. व्यंकोजीरावांनी हात पुढे केला. बंद करावी. हे ऐकणं बरं नाही. बायकोचं असलं तरी नाही. चंदनाने दार वाजवायची सोय करून घेतली, मालनने घेतली नाही म्हणून काय झालं. बोट बटणापर्यंत गेलं. तेवढ्यात मालनबाई बोलायला लागली.

“तुझी आत्या होती गं. हेमी. तुझ्यासारखीच मूठ खायची.” दोरी एकदा करकरली. “तिला ही ओवी लागायची. ही म्हटली की पापणी खरंच जड व्हायची तिची. मीच जोडली होती, पाळण्याची दोरी आवाज करायची म्हणून. कुणाला माहीत नाही. तुला सांगते.”  खाली गल्लीतून एक रिक्षा गेली, ती त्यांनी दोनदा ऐकली; पेटीतून आणि बाहेरून. “तुझ्या ताताला वाटतं, ती रडली. रडली, आणि त्यांच्या त्या डब्यामुळं ऐकू आलं नाही. ती रडली नाही गं बाळा. दार उघडंच होतं. मी कॉफी करत होते, दार माझ्या पाठीशी. ती रडली असती तर रेडिओ काय, दारात ढोल वाजत असता तरी मला कळलं असतं. दुधानं ऊर भरून यायचा माझा ती नुसती कुरकुरली तरी. त्या दुपारी नाही आला.”

व्यंकोजीरावांचं बोट बटणावरच होतं. लाकूड कोमट होतं.

“मी दोनदा आत गेले. पहिल्यांदा झोपली होती, बोट ओठात. दुसऱ्यांदा गेले ते किती वेळानं कोण जाणे. पायाला हात लावला. गार होता. मला वाटलं, खिडकीतून वारा येतोय. पायावर धडपा ओढला आणि बाहेर आले. कॉफी उतू जाईल म्हणून. पाय गार लागल्यावर आई थांबते की नाही, तूच सांग. मी धडपा ओढला आणि बाहेर येऊन भीमसेनच्या बायकोला कॉफी दिली. तिनं साखर मागितली, साखर दिली.” आवाज अगदी सपाट होता, किराणा सांगावा तसा. “मग सासूबाईंनी त्या डब्याचं नाव घेतलं, आणि मी सुटले. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी मेले असते. म्हणून गप्प बसले. मला वाटलं, चार दिवस. मग तुझ्या तातांनी तो डबा बांधून वर ठेवला. मला वाटलं, वर्षभर. मग म्हटलं अभी झाल्यावर सांगू. मग सांगायचं राहून राहून, ते सांगायचं आहे हेच जड झालं. बघत होते मी, टीव्ही बारीक करताना. बघत होते जिना चढताना. माझ्यावरचं ते उचलून फिरत होते आणि मी उचलू दिलं.”

वीणाने झोपेत एक उसासा टाकला. मालनबाईने तिला थोपटलं असावं. पेटीत मऊ थापांचा आवाज आला, कापडावरचा. तोच धडपा, व्यंकोजीरावांच्या मनात आलं. एकाच लुगड्याचे धडपे. एक पायावर ओढलेला, एक रेडिओला बांधलेला. त्यांना राग येईल असं वाटलं, आणि ते रागाची वाट बघत राहिले, जशी रेडिओचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट बघावी लागते. तेहतीस वर्षं. तेहतीस वर्षं त्यांनी एक रडणं जपलं होतं, ज्यात कुणी रडलंच नव्हतं. ते आता एकदम बंद झालं. कानात एवढी शांतता त्यांना सोसेना. कुणीतरी घरातला जुना खांब काढून घेतल्यासारखं. घर पडत नाही, पण हात टेकायला जातो आणि तिथे काही नसतं. राग आला, पण तो फार थोडा होता आणि त्याच्यामागून लगेच एक बाई आली, एकवीस वर्षांची, हातात कॉफीचा तांब्या, पाठीशी उघडं दार. गार पायाचा स्पर्श बोटांत घेऊन ती सगळ्यांना साखर विचारत फिरत होती. ती अजून फिरतच होती. तिला बस म्हणायला कुणी नव्हतं. आपण तिला एकदा तरी विचारलं होतं का, तू आत गेली होतीस का? नव्हतं विचारलं. कारण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, हो, रडत होती. असं त्यांना वाटायचं. आपल्या भीतीने तिला बोलू दिलं नाही, आणि तिच्या भीतीने आपल्याला विचारू दिलं नाही.

पेटीतून पुन्हा आवाज आला, आता जरा जवळून, पाळण्यावरून मान वळवून भिंतीकडे तोंड केल्यासारखा. “सांग हं वीणे तुझ्या ताताला. मी सांगितलं म्हणून सांग. झोपली असलीस तरी सांग.”

त्यावर व्यंकोजीराव बाकावरून अर्धे उठले. दिवा. भिंतीवरचा लाल दिवा, जो त्यांनीच लावला होता, पाळण्याच्या उशाशी, नजरेच्या उंचीवर. पेटी चालू आहे तोवर तो लागलेला असतो. तिने वीणाला दाखवूनच सुरुवात केली होती: बघ, लाल लाल आहे बघ. ती नातीशी बोलत नव्हती. म्हणजे नातीशीच बोलत होती, जशी आयुष्यभर मुलांशी बोलत आली तशी. निरोप होता तो. वायरीवरून, धुण्यावरून, पेरूच्या झाडाखाली पोचवलेला, आणि पोचला की नाही हे बघायला ती आता त्या दिव्याकडे तोंड करून बसली होती. दिवा विझला तर ती समजेल की त्यांनी ऐकून बंद केलं. दिवा राहिला तर तिला काहीच समजणार नाही. इस्त्री दुरुस्त करता करता झोप लागली असेल असं ती समजेल, आणि उठून लंगोट काढायला गच्चीत जाईल, आणि पुन्हा हे बोलणार नाही.

ते बसले. पितळेच्या खटक्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि दीड महिन्यात एकदाही न वापरलेल्या अंगाला, ‘बोला’कडे, तो सरकवला. टक. वर स्पीकरमध्येही टक झालं असणार. आता त्यांना वरचं काही ऐकू येत नव्हतं. पेटीतला वीणाचा श्वास तुटला. वर त्यांचं ऐकू जात होतं, आणि त्यांना बोलता येत नव्हतं. तोंड पेटीशी नेलं.  नाक चोंदलं होतं, म्हणून ते तोंडाने श्वास घेत होते, आत, बाहेर, जिना चढून आल्यासारखा, आणि आवाज त्यांनी एवढा वाढवून ठेवलेला की कावळ्याची नखं ऐकू यावीत.  मग पेटीतून नाही, उघड्या खिडकीतून, अंगणावरून, साध्या हवेतून वरचा आवाज आला. मालनबाई खोलीतच होती. ती ओरडली नव्हती, दुपार शांत होती म्हणून ऐकू आलं.

“श्वास ऐकू येतोय गं वीणे, तुझ्या ताताचा.”

व्यंकोजीरावांनी पेटीच्या जाळीला तोंड जवळजवळ टेकवलं. “वीणे,” ते म्हणाले. आवाज फुटला नाही, पुन्हा म्हणाले, “वीणे. तुझ्या अज्जीला म्हणावं,” आणि थांबले, कारण पायाबद्दल बोलायचं होतं, त्या गार पायाबद्दल, की मीही तेच केलं असतं, मीही धडपाच ओढला असता, पण ते निरोपाने सांगायचं नव्हतं, ते वर जाऊन सांगायचं होतं. निरोपापुरतं जे होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. “अज्जीला म्हणावं, ओवीतलं नाव बदलू नकोस. पहिलं होतं तेच राहू दे.”

त्यांनी खटका पुन्हा ‘ऐका’कडे नेला. पेटी घरघरली. तळाशी लहान श्वास सापडला, आत, बाहेर. त्याच्याजवळ मोठा, आणि तो नीट लागत नव्हता, अडखळत होता. व्यंकोजीराव चपला शोधत उठले, पण दारातच थांबले, ऐकत. 

मग पाळण्याची दोरी करकरली.